साइक्सने ठेवलेली नावं

हळद्या आमच्याकडे शेतातल्या माणसांनाही ठाऊक असतो. वडावरून बासरीसारखी शीळ आली की खुरपं थांबतं आणि नजर वर जाते. तरी सासवडजवळ एका सकाळी त्याच्याच नावावरून वाद झाला. आमच्या गटातले ज्येष्ठ सर सवयीने 'युरेशियन गोल्डन ओरिओल' म्हणाले. मोबाइलवर नोंद करणारी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "सर, आता तो इंडियन आहे." सर वैतागले, "किती वेळा बारसं करणार यांचं?"

त्यांचा वैताग मला कळतो. सालिम अलींचं पुस्तक हाती धरून पक्षी शिकलेल्या माणसाच्या पायाखालून एकेक नाव सरकत गेलंय. चिरक दयाळाच्या प्रजातीत गेला, चष्मेवाला 'ओरिएंटल'चा 'इंडियन' झाला. पण हळद्याच्या बाबतीत मी ठामपणे त्या मुलीच्या बाजूचा आहे. आपल्या नराच्या डोळ्यावरची काळी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, युरोपातल्या नराची साधारण डोळ्यापाशी संपते. दुर्बिणीतून हे स्वच्छ दिसतं. कर्नल विल्यम साइक्सने 1832 मध्येच दख्खनच्या पक्ष्यांत याला 'ओरिओलस कुंडू' अशी स्वतंत्र जाती म्हणून नोंदवलं होतं. पुढे त्याला युरोपीय हळद्याची उपजाती ठरवलं गेलं. 2005 मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांच्या दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरील ग्रंथाने तो पुन्हा वेगळा काढला. म्हणजे दख्खनच्या पक्ष्याला त्याचं पहिलंच नाव परत मिळालं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

खरी कसोटी वटवट्यांची. साइक्सने त्याच वर्षी वर्णन केलेला एक मातकट वटवट्या कित्येक वर्षं 'बूटेड वॉर्बलर'मध्येच मोजला जायचा. आता 'साइक्स वॉर्बलर' वेगळा धरतात. हिवाळ्यात माळावरच्या बाभळीत दोघेही भेटू शकतात, आणि तेव्हा ते गात नाहीत, नुसतं 'चक् चक्' करतात. साइक्सची चोच आणि शेपूट जरा लांब, चेहरा साधा. बूटेड आखूड चोचीचा, भुवई जास्त ठळक, आणि बऱ्याचदा खाली गवताजवळ वावरणारा. पक्षी क्षणभरही एका फांदीवर टिकत नाही. तेवढ्यात हे सगळं टिपायचं!

इथे सरांच्या जुन्या डायऱ्या कामी आल्या. दुपारी त्यांच्या घरी आम्ही त्या उघडल्या. 'बूटेड' या नावाखाली सरांनी ठिकठिकाणी लिहून ठेवलं होतं: चोच लांब, भुवई पुसट, बाभळीच्या वरच्या फांद्यांत. अशा नोंदींपुढे त्या मुलीने पेन्सिलीने 'बहुधा साइक्स' लिहिलं. जिथे नुसतं नाव होतं, तिथे 'बूटेड किंवा साइक्स'. सर प्रत्येक पानाला शेजारी बसून होते. दोन ठिकाणी त्यांनी तिला थांबवून 'बहुधा' खोडायला लावलं, कारण तो पक्षी त्यांना अजून नीट आठवत होता.