कोटेशनमध्ये नसलेले ५७६ डॉलर

२०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे आठ जण सिंगापूरहून क्रूझला गेलो. चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत, मग परत सिंगापूर. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. घरातला पैशांचा हिशेब नेहमी माझ्याकडे असतो, तसा याही वेळी होता. सहल छान झाली. पण टिप आणि सर्व्हिस चार्ज यावरून जहाजावर घरातच वादावादी झाली. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून जे झालं ते सगळं लिहिते.

सुरुवात एजंटाच्या कोटेशनपासून झाली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की केबिन, पोर्ट टॅक्स, जेवणखाण सगळं धरून एवढे पैसे. शेवटच्या पानावर, व्हिसा आणि इन्शुरन्सच्या ओळींच्या खाली, बारीक अक्षरांत होतं: ग्रॅच्युइटी वगळून. मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ते ऐच्छिक असतं. बोटीवर काउंटरला जाऊन काढून टाका. सगळे काढतात."

मला ते पटलं नाही. त्या रात्री मी क्रूझ कंपनीच्या वेबसाइटवर बघितलं. साध्या केबिनला माणशी दररोज १८ डॉलर. मोठ्या सुइटला त्याहून जास्त. लहान मुलाला सूट नाही, पाच वर्षांच्या पोरालाही पूर्ण आकार. म्हणजे आठ जण, चार रात्री, ५७६ डॉलर. डॉलर तेव्हा ८८ रुपयांच्या आसपास होता. पन्नास हजारांच्या वर रक्कम जात होती, आणि ती कोटेशनमध्ये कुठेच नव्हती.

ही रक्कम तिकिटाबरोबर आधीच भरता येते. रुपयांत भरली की कार्डाचा मार्कअप वाचतो आणि पुढे डॉलर वाढला तरी आपल्याला झळ बसत नाही. मी तसं सुचवलं. पण भाऊजी म्हणाले, "एजंट म्हणतोय काढता येतं, तर आत्ता कशाला भरायचे?" चार जणांत बोलणं झालं आणि विषय तिथेच राहिला.

मरिना बे क्रूझ सेंटरला चेक-इन करताना प्रत्येक केबिनच्या खात्याला एक कार्ड जोडावं लागतं. जहाजावर रोख पैसे कुठे चालत नाहीत. केबिनचं कार्ड दाखवायचं, सही करायची, खर्च खात्यावर चढतो. आम्ही क्रेडिट कार्ड दिलं. भाऊजींनी डेबिट कार्ड दिलं. याचा त्रास पुढे झाला. खर्चाची हमी म्हणून कंपनी कार्डावर रक्कम अडकवून ठेवते. क्रेडिट कार्डावर ते जाणवत नाही, कारण ती फक्त मर्यादेतून कमी होते. डेबिट कार्डावर मात्र बचत खात्यातले आपले स्वतःचेच पैसे अडकतात. तिसऱ्या दिवशी भाऊजींना फुकेतमध्ये एटीएममधून बाथ काढायचे होते, तर खात्यात पुरेशी शिल्लक दिसेना. खर्च तेवढा झालेलाच नव्हता. जहाजावर डेबिट कार्ड देऊ नये, हे मी आता ज्याला त्याला सांगते.

पहिल्या संध्याकाळी पूलजवळ मुलांसाठी मॉकटेल मागवलं. पावती आली ती मी नीट वाचली. पेय ८ डॉलर. त्याखाली ग्रॅच्युइटी १८ टक्के, १ डॉलर ४४ सेंट. एकूण ९ डॉलर ४४ सेंट. आणि त्याखाली आणखी एक रिकामी ओळ, जादा टिप लिहिण्यासाठी. त्याखाली सहीची जागा. ती रिकामी ओळ बघून कुणालाही वाटतं की इथे काहीतरी लिहिलंच पाहिजे. वेटर समोर उभा असतो, पेन आपल्या हातात असतं, संकोच वाटतो. माझ्या नवऱ्याने २ लिहायला पेन टेकवलं होतं. मी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. भाऊजींनी मात्र त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही प्रत्येक पावतीवर दोन-दोन डॉलर लिहिले होते. टिप लागून आलेली आहे हे त्यांच्या लक्षात आलंच नाही.

हे १८ टक्के रोजच्या १८ डॉलरपेक्षा वेगळे. रोजची रक्कम केबिन साफ करणारे, जेवणाच्या हॉलमधले वेटर आणि त्यांच्या मागे राबणारी मंडळी यांच्यासाठी असते. पेयं, पेयांचं पॅकेज, पैसे देऊन जेवायची खास रेस्टॉरंट्स, स्पा, या सगळ्यावर टक्केवारी निराळी लागते. पॅकेज घेताना छापील किमतीत ती धरलेली असेलच असं नाही, हे विचारून घ्यावं. बुफे आणि मुख्य डायनिंग हॉल भाड्यात येतात, तिथे सही करायला कुणी कागद आणत नाही.

जहाजावर आपलं खातं केबिनमधल्या टीव्हीवर रोज बघता येतं. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी तिन्ही केबिनची खाती बघत होते. दुसऱ्या रात्री अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या खात्यावर दोन बिअर दिसल्या. अप्पा आयुष्यात कधी प्यायले नाहीत. सकाळी मी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने पावती काढली, त्यावरची सही दुसऱ्याच कुणाची होती. पाच मिनिटांत ते पैसे वजा झाले. शेवटच्या सकाळी या काउंटरवर भली मोठी रांग असते आणि सगळ्यांना उतरायची घाई असते. तेव्हा अशी तक्रार घेऊन उभं राहणं नको वाटतं. रोजच्या रोज बघितल्याने आमचं काम सोपं झालं.

तिसऱ्या दिवशी फुकेतहून परत आल्यावर भाऊजी माझ्याबरोबर काउंटरवर आले. त्यांना ग्रॅच्युइटी काढून टाकायची होती. निदान मुलाची आणि अप्पा-आईंची तरी. त्यांनी फोनवर बातमी उघडून ठेवली होती. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये हॉटेलांना सांगितलं की बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. भाऊजींचं म्हणणं, हा आपला हक्क आहे. ठाण्यातल्या हॉटेलात तो नक्कीच आहे, आणि मीही तिथे तो वापरते. पण हे जहाज बहामासमध्ये नोंदवलेलं, सुटलेलं सिंगापूरहून. तिथे आपला नियम लागू होत नाही.

काउंटरवरची मुलगी शांत होती. ती म्हणाली, रक्कम कमी करता येते, काढताही येते, खातं बंद होण्याआधी फक्त एक फॉर्म भरा. सेवेत काही कमी पडलं का, एवढंच तिने विचारलं. भाऊजी गप्प झाले. कमी काहीच पडलं नव्हतं. ते म्हणाले, फॉर्म द्या, रात्री भरून देतो.

त्या रात्रीच्या जेवणाबद्दल सांगायला हवं. आमच्या टेबलावरचा वेटर मडगावचा होता. पहिल्याच रात्री आमचं मराठी ऐकून तो मराठीत बोलायला लागला. आईंचा शनिवारचा उपवास असतो. त्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं, संकोचाने नुसती फळं खात होत्या. याने ते ओळखलं आणि आतून उकडलेले बटाटे, दही आणि शेंगदाणे घेऊन आला. मीठ वेगळं आणलं होतं. "आंटी, सैंधव नाय मिळालं," म्हणाला. पुढच्या सगळ्या जेवणांना आमच्या टेबलावर आधी वरणभात यायचा, मग बाकीचं.

त्या रात्री अप्पांनी त्याला, मोठी माणसं विचारतात तसं, सरळ विचारलं, "पगार किती देतात रे?" मी अवघडले. तो हसला. आकडा सांगितला नाही. म्हणाला, "अंकल, नुसत्या पगारात घर कसं चालणार? टिपचे पैसे आले तर महिना बरा जातो." सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. या काळात आठवड्याची सुट्टी नाही. सकाळी नाश्त्याला तोच, दुपारी बुफेवर तोच, रात्री आमच्या टेबलावर तोच. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात जहाजावरच्या कामाची मर्यादा दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तास अशी आहे. आपल्या कायद्याने कारखान्यात आठवड्याला ४८ तास. मर्यादाच इतकी सैल, मग त्या माणसांचा दिवस कसा जात असेल, हे त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

जेवण झाल्यावर आम्ही डेकवर बसलो आणि तिथे खरं बोलणं झालं. मी भाऊजींना म्हटलं, माझा राग कंपनीवर आहे, आणि तो आजही आहे. नोकरांचा पगार तिकिटात धरायचा सोडून तो वेगळ्या ओळीत टाकायचा, म्हणजे जाहिरातीत भाडं कमी दिसतं. ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते. एजंटाने 'सगळे काढतात' म्हणणं तर त्याहून वाईट. पण आपण फॉर्म भरला तर कंपनीचं काही बिघडत नाही. कमी होतं ते आपली केबिन दिवसातून दोनदा आवरणाऱ्या इंडोनेशियन पोराचं आणि या मडगावच्या मुलाचं. ऐच्छिक आहे म्हणून ज्याच्याकडून सगळं करून घेतलं त्याचेच पैसे कापायचे, हे मला जमणार नाही.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "आमच्या दोघांचे मी देतो. काढायचे नाहीत." भाऊजींनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. मनातून त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या रात्री ते फारसे बोलले नाहीत. पण रक्कम तशीच राहिली.

मग रोख टिपचा प्रश्न. पूर्वी जहाजांवर शेवटच्या रात्री पाकिटं देण्याची पद्धत होती, वेटरचं वेगळं, केबिनवाल्याचं वेगळं. रोजची रक्कम खात्यावर लागायला लागल्यापासून ती सक्ती उरलेली नाही. वर काही द्यायचं ते आपल्या खुशीने, आणि नाही दिलं तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. आईंना द्यायचं होतं. त्यांच्या पर्समध्ये आहेराची पाकिटं असतातच, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. त्यांनी एका पाकिटात वीस डॉलरची नोट घातली आणि माझ्याकडून एकची मागून घेतली. एकवीस झाले. तसंच दुसरं पाकीट केबिनवाल्या मुलासाठी. शेवटच्या रात्री आधीच द्यावं, कारण सकाळी ही मंडळी दुसऱ्या कामाला लागलेली असतात आणि सापडत नाहीत. एक, पाच, दहाच्या थोड्या सुट्या नोटा घरूनच न्याव्यात.

किनाऱ्यावरचा हिशेब निराळा. फुकेतला बंदर नाही लागलं, जहाज समुद्रात नांगरून छोट्या बोटीने पातोंगला उतरवलं. तिथल्या व्हॅनच्या ड्रायव्हरला आणि गाइडला मिळून दोनशे बाथ दिले. पेनांगला जॉर्ज टाउनमध्ये पायीच फिरलो, टपरीवर खाल्लं, तिथे टिप कुणी घेत नाही. सिंगापूरला हॉकर सेंटरमध्येही नाही. रेस्टॉरंटमध्ये मात्र बिलातच १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी येतो, मग वर वेगळं ठेवायची गरज नसते.

घरी आल्यावर कार्डाचं स्टेटमेंट आलं. बँकेने साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी लावला होता. फक्त ग्रॅच्युइटीवरच दोन हजारांच्या वर गेले. आधी रुपयांत भरले असते तर हे वाचले असते. भाऊजींच्या डेबिट कार्डावर अडकलेली रक्कम सुटायला दिवाळीनंतर बरेच दिवस लागले. त्यांनी बँकेत दोन खेपा घातल्या. जहाजाची शेवटची पावती जपून ठेवली होती म्हणून काम झालं. ती पावती ईमेलवर मागून घ्यावी, कागद हरवतो.

एजंटाला मी सविस्तर ईमेल लिहिला. कोटेशनच्या पहिल्या पानावर हा आकडा टाका आणि 'काढून टाका' असं लोकांना सांगू नका, एवढंच मागितलं. फोन करून तो 'हो हो' म्हणाला. परवा आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने त्याच एजंटाचं नवीन कोटेशन मला दाखवायला आणलं. ओळ अजून शेवटच्या पानावरच आहे. मी त्यांना क्रूझ कंपनीचा रोजचा दर काढून दिला, माणसं आणि रात्री गुणून पहिल्या पानावर एकूण रकमेखाली पेनाने लिहिला, आणि बुकिंगबरोबरच रुपयांत भरायला सांगितलं.