दादांचा ब्रश

दाढीच्या ब्रशवर लेख लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही हसाल. खुशाल हसा. आमच्या ऑफिसातले सहकारीही हसले. पण वर्षभर या चार बोटांच्या वस्तूने मला घोर लावला होता. त्यातून जे शिकलो ते घरात म्हातारे माणूस असलेल्या कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहायला बसलो आहे.

गोष्ट आमच्या दादांची आहे. दादा म्हणजे माझे वडील. वय ७७. सारी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेली. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे परत आले, काठी घेऊन चालूही लागले, पण उजव्या हाताची पकड काही आली नाही. डाव्या हाताने जेवायला ते शिकले. दाढी मात्र डाव्या हाताने जमेना. एक दिवस मी म्हणालो, "दादा, आणा, मी करतो." ते काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

साध्या दाढीचे एवढे वाईट का वाटावे, हे नव्या पिढीला कळणार नाही. मलाही ते नीट कळायला चाळिशी ओलांडावी लागली.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. दादांच्या लहानपणी गावात न्हावी होता, पण आपल्या माणसाला त्याच्यापुढे बसता येत नसे. त्याचा एकट्याचा दोष होता असेही नाही. त्याने आमच्या माणसाच्या गालाला हात लावला असता तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला, पण तो गावच्या पारापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की लहानपणी साताऱ्यात त्यांचे केस थोरली बहीण कापत असे. गावात न्हावी होता, घरात पैसे होते, तरीही. आमच्या वस्तीत एक म्हातारा होता, लष्करातून पेन्शनीवर आलेला. रविवारी तो लिंबाखाली वस्तरा घेऊन बसायचा आणि सगळ्या वस्तीची डोकी-दाढ्या करायचा. साबण नाही, ब्रश नाही. गालाला पाणी चोळायचे आणि वस्तरा फिरवायचा. दादा सांगतात, डोळ्यांतून पाणी यायचे, पण ओरडायची लाज वाटायची.

१९६६ साली दादा मुंबईला आले. पहिल्या पगारात त्यांनी तीन वस्तू घेतल्या. तळहाताएवढा आरसा, एक रेझर आणि एक ब्रश. केस ते सलूनमध्ये कापायचे, पण दाढी स्वतःची स्वतः. रात्रपाळी असो की सणवार, दाढी न करता ते कधी घराबाहेर पडले नाहीत. आमच्या एका खोलीच्या घरात सकाळी वाटीत ब्रश फिरवल्याचा आवाज आला की आम्ही भावंडे उठायचो. तर ज्या माणसाने दाढीसाठी कुणापुढे मान वाकवली नाही, त्याने आता मुलापुढे मान वर करून बसायचे होते. भिंतीकडे तोंड केले ते त्यासाठी.

त्यात दुसरी अडचण. झटक्यानंतर त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू झाली. ही गोळी घेणाऱ्याला बारीकशी चीर पडली तरी रक्त लवकर थांबत नाही. डॉक्टरांनी सांगितले, विजेवर चालणारे मशीन वापरा, ते सर्वांत सुरक्षित. आम्ही आणले. चार दिवसांनी दादा गालावरून डावा हात फिरवून म्हणाले, "ही काय दाढी झाली? ही तर खुंटं राहिली." पुन्हा डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ब्लेडच वापरायचे असेल तर नवे ब्लेड, हलका हात, उलटी दाढी अजिबात नाही, आणि केस आधी पूर्ण भिजवून मऊ करा.

केस भिजवणे हेच तर ब्रशचे काम. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे पाणी मुरले की तो फुगतो, नरम होतो आणि ब्लेडला जोर लावावा लागत नाही. ब्रश पाणी धरून ठेवतो, साबणाचा फेस करतो आणि आडवा पडलेला केस उभा करतो. घरातला जुना नायलॉनचा ब्रश यातले एकही काम धड करत नव्हता. त्याचे केस वाकडे झाले होते आणि त्यात पाणीच थांबत नव्हते. पहिल्याच आठवड्यात हनुवटीखाली कापले. अर्धा तास कापूस दाबून बसलो. दादा म्हणाले, "जाऊ दे, होतं." माझा हात मात्र त्यानंतर थरथरू लागला.

पुण्याच्या भाच्याला हे कळले. त्याने आजोबांसाठी बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा ब्रश पाठवला. बॅजर हे मुंगसापेक्षा बरेच मोठे, बिळात राहणारे, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेले जनावर. त्याचे केस पाणी छान धरतात, म्हणून दाढीच्या ब्रशात त्यांचा फार जुना मान आहे. भाच्याने पाठवलेला त्यातला सर्वांत उंची होता. त्याला सिल्व्हरटिप म्हणतात. टोके पांढरीशुभ्र, गालाला लावला तर सायीसारखा मऊ. किंमत ऐकून आमची सौ. म्हणाली, "हा कपाटातच ठेवा."

आणि खरेच तो कपाटात ठेवण्याच्याच लायकीचा निघाला. म्हणजे आमच्यासाठी. दादांना ट्यूबमधले क्रीम आवडत नाही, त्यांना साबणाची गोल वडीच लागते. हा मऊ ब्रश वडीवर फिरवला की नुसता फताडा व्हायचा, साबण उचलायचाच नाही. जो काही फेस व्हायचा तो झुबक्याच्या पोटातच राहायचा. गालावर जायचा तो वरवर तरंगायचा. दादांची दाढी म्हणजे बाभळीचे काटे. ते खाली तसेच कोरडे. पुन्हा दोनदा कापले.

मी मनात म्हणत होतो, एवढा महाग ब्रश, चूक माझ्याच हाताची असणार. आपल्या माणसांचे हे असे होते. महाग वस्तू चुकीची असू शकते असे आपल्याला वाटतच नाही.

आमच्या नाक्यावर सलून आहे. चालवणारा पस्तिशीचा तरुण आहे, दादांना काका म्हणतो. मी त्याला ब्रश नेऊन दाखवला. त्याने तळहातावर दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, चीज एक नंबर आहे, पण काकांसाठी नाही. याला मुळाशी जोर नाही. पातळ क्रीमला हा चालतो. घट्ट साबण उचलायचा आणि कडक दाढी उभी करायची तर ताठ ब्रश पाहिजे." मी म्हणालो, "ताठ म्हणजे टोचेल ना?" तो हसला. "ताठ वेगळा, टोचरा वेगळा. केस मुळात ताठ आणि टोकाला मऊ, असा बघून घ्या."

हे एक वाक्य लाख मोलाचे होते. मी वाचून, विचारून माहिती गोळा केली. ब्रशचा ताठपणा तीन गोष्टींवर ठरतो. केस किती जाड, झुबका किती घट्ट भरलेला आणि मुठीच्या वर केसांची उंची किती. उंची कमी तेवढा ताठा जास्त. बॅजरच्या केसांना प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशी नावे देतात, पण ही नावे कोणत्या एका मापाने ठरत नाहीत, ज्याची त्याची वेगळी. साधारणपणे प्युअर म्हणतात तो केस गडद रंगाचा, जाडसर आणि ताठ, आणि किमतीला सर्वांत कमी. म्हणजे आम्हाला हवा होता तो उतरंडीत सर्वांत खालचा! मुलाने मोबाईलवरून मागवला. झुबका २२ मिलिमीटर रुंद, केसांची उंची ४८ मिलिमीटर. भाच्याच्या ब्रशच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात आला.

नव्या ब्रशला जनावराचा वास येतो. साबणाच्या कोमट पाण्याने तीन-चार वेळा धुतला की जातो. पहिल्या आठवड्यात काही केस गळतात, घाबरू नये. धुण्याचा कंटाळा मात्र करू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनासे झाले तेव्हा घोड्याचे केस रंगवून तसे दिसणारे ब्रश विकले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या ब्रशांनी दाढी करणाऱ्या सैनिकांना आणि इतरांना काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स झाला, काहींचे जीव गेले. आज तसे होत नाही, पण ब्रश आणि ब्लेड ज्याचे त्याचे वेगळे असावे, हा नियम घरोघरी पाळावा.

आता आमची पद्धत अशी. आधी दादांच्या गालावर कोमट पाण्याने भिजवलेला पंचा दोन मिनिटे ठेवतो. ब्रश कोमट पाण्यात बुडवतो, उकळत्या पाण्यात नाही, त्याने आतला गोंद सुटतो. दोनदा झटकून वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवतो. मग गालावर गोल गोल, हनुवटीखाली खालून वर. दाबायचे नाही, टोकांनी काम करू द्यायचे. फेस दह्यासारखा घट्ट होतो आणि केस उभे राहिलेले दिसतात. मग ब्लेड, केसांच्या दिशेनेच. झाल्यावर ब्रश स्वच्छ धुऊन, झटकून, वाऱ्यावर वाळवायचा. डबीत ओला कोंबायचा नाही.

पहिल्या दिवशी ब्रश गालावर फिरला तसे दादांनी डोळे मिटले. म्हणाले, "हां, आता दाढी करतोय असं वाटतंय." त्या दिवसापासून आजवर दोनदाच कापले, आणि दोन्ही वेळा घाई माझी होती.

पुढच्याच आठवड्यात मात्र दादांनी विचारले, "हे केस काढतात कसे रे? मेंढरासारखे कातरून?" मी माहिती काढली होती, पण हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. खोटे बोलवेना. ब्रशचे बहुतेक केस चीनमधून येतात. ते कातरून नाही, मारलेल्या जनावराचे येतात. इंग्लंडमध्ये हे जनावर मारायला कायद्याने बंदी आहे, १९९२ चा कायदा आहे, तरी तिथल्या ब्रशांना केस बाहेरून येतात. दादा बराच वेळ गप्प बसले. आमच्या घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हटले जाते आणि त्यातले पहिलेच शील कोणते, हे मी इथे सांगायला नको. मी म्हणालो, "परत पाठवू का?" ते म्हणाले, "पाठवून ते जनावर उठणार आहे का? हा झिजेपर्यंत वापर. दुसरा आणू नको."

आता कृत्रिम धाग्याचेही चांगले ब्रश निघाले आहेत. जुन्या नायलॉनसारखे नाहीत, मुळाशी ताठ, टोकाला मऊ, लवकर वाळणारे आणि स्वस्त. पुढचा तोच येईल. वाचकांपैकी कुणाला घ्यायचा असेल तर माझे सांगणे आहे, सरळ तोच घ्या. मी ज्या वाटेने गेलो ती लांबची होती.

शेवटची गोष्ट. गेल्या महिन्यात संस्थेच्या शिबिरासाठी मी तीन दिवस बाहेरगावी होतो. मी परत आलो तर दादा गुळगुळीत दाढी करून खुर्चीत बसलेले. मी विचारले, "कुणी केली?" नाक्यावरच्या सलूनवाल्याला सौ.ने बोलावले होते. तो घरी आला, दादांच्याच ब्रशने, दादांच्याच साबणाने दाढी केली आणि पैसे नको म्हणाला.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? घ्यायला लावले," दादा म्हणाले. "म्हटलं, बाबा, तू काम केलंस, मी दाम दिला. आपण दोघं बरोबरीचे. फुकट तू करायचं नाहीस, फुकट मी घ्यायचं नाही."

मग डाव्या हाताने गाल चाचपत म्हणाले, "पण हात चांगला आहे हां पोराचा. तुझ्यापेक्षा."