ओसरीवरचं देऊळ

आमच्या चकलांब्यात पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. एरवी रविवारची प्रार्थना आमच्याच ओसरीवर.

सासूबाई बिशप मानणाऱ्या अँग्लिकन मंडळीतल्या, आई बिशप नसलेल्या अमेरिकन मिशनमधली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली आणि दोघी प्रभूच्या एकाच मेजाशी आल्या.

पण दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात. नाताळात ओसरी ओकीओकी वाटते. मागं उरतात म्हातारी माणसं नि शाळकरी लेकरं. त्यांना गीतं शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची, कोयत्यावर गेलेल्या आईला फोनवर लेकराचा आवाज ऐकवायचा. हे कुणी नेमून दिलेलं नाही. पण सांगा बरं, चूल पेटवायला तरी कुठं नेमणूकपत्र लागतं?