लीगची वही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला. तो सध्या वेल्समधील कार्डिफ शहरात नोकरीस आहे. क्रीडा समितीचे आम्ही चौघे शिक्षक चहा घेत बसलो होतो. आल्या आल्या त्याने विचारले, "सर, आपली रविवारची लीग चालू आहे ना?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. लीग बंद पडून दोन वर्षे झाली, हे सांगताना आम्हाला अगदी ओशाळल्यासारखे झाले.

नव्या पालकांसाठी थोडे सांगतो. बेळगावातील पाच शाळांची ही छोटीशी फुटबॉल लीग. ढाल, जर्सी, पंचांचा चहा-नाश्ता असा सगळा खर्च एक दाते करीत. एका वर्षी त्यांनी कळवले की यापुढे जमणार नाही, लीग बंद समजावी. आणि आम्ही ती बंद समजलो! सामन्यांच्या नोंदींची वहीसुद्धा त्यांच्याकडेच होती. ती परत मागावी हेही कोणाला सुचले नाही.

हे ऐकून त्या मुलाने आम्हाला तिकडच्या बॅरी गावची हकीकत सांगितली. पुढे आम्ही स्वतःही ती वाचून काढली.

वेल्स म्हटले की आजच्या मुलांना रेक्सम आठवते. पण रेक्सम, कार्डिफ, स्वान्सी हे मोठे संघ खेळतात इंग्लंडच्या लीगमध्ये. वेल्सची फुटबॉल संघटना 1876 सालची, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यानंतर जगात तिसरी. तरी देशाची स्वतःची लीग निघायला 1992 साल उजाडले. तोपर्यंत गावोगावचे संघ जगले ते भागाभागांच्या लीगवर. दक्षिणेत कोळशाच्या खाणींचा मुलूख आहे. तिथल्या रम्नी खोऱ्यात 1904 साली अशीच एक लीग सुरू झाली. 1909 मध्ये ती ग्लॅमॉर्गन लीग झाली आणि 1912 पासून वेल्श फुटबॉल लीग. नाव साऱ्या देशाचे, कारभार मात्र दक्षिण भागापुरता!

संघांच्या तीन श्रेण्या असत. वर आलेला संघ वरच्या श्रेणीत जाई, तळाचा खाली येई. 1992 नंतर पहिल्या श्रेणीतील विजेत्याला देशाच्या लीगमध्ये जाण्याची वाट खुली झाली. पण नुसता पहिला नंबर पुरेसा नव्हता. मैदान, दिवे, बसायच्या जागा यांचे निकष पुरे झाले नाहीत, तर विजेत्यालाही आहे तिथेच थांबावे लागे. आम्हाला हा नियम प्रथम जाचक वाटला. मग वाटले, ढाल जिंकणे अकरा जणांचे काम, मैदान उभे करणे गावाचे.

बॅरी हे कार्डिफजवळचे बंदराचे गाव. तिथल्या बॅरी टाउन संघाने 1996 ते 2003 या काळात देशाची लीग सात वेळा जिंकली. 2001 साली चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोर्तुगालच्या पोर्तो संघाने त्यांना 8-0 असे झोडपले होते. परतीच्या सामन्यात मात्र आपल्या मैदानावर बॅरीने त्याच पोर्तोला 3-1 असे हरवले. (हे सांगताच आमच्या आठवीच्या वर्गात टाळ्या पडल्या.) पुढे 2003 मध्ये पैशाचा डोलारा कोसळला आणि संघ घसरत वेल्श फुटबॉल लीगमध्ये येऊन पडला. तिथे त्याला तगवला तो चाहत्यांनी. आणि 2013 च्या मे महिन्यात, हंगामाचे दोनच सामने उरले असताना, मालकाने संघ लीगमधून काढून घेतला.

खेळाडू, शिक्षक, चाहते सगळे तयार होते. फक्त कागदावर संघ राहिला नव्हता. चाहत्यांनी नव्याने अर्ज केला, संघटनेने तो नाकारला. आमच्यासारखे असते तर इथेच संपले असते. ते मात्र न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 2013 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 'बॅरी टाउन युनायटेड' या नावाने त्यांना लीगच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वात खालच्या श्रेणीत जागा मिळाली. तिथून एकेक पायरी चढत 2017 साली ते देशाच्या पहिल्या श्रेणीत परत पोहोचले.

ती वेल्श फुटबॉल लीग आता नाही. 2019 साली देशाच्या संघटनेने दुसरी श्रेणी आपल्या हाती घेतली आणि 2020 मध्ये ही जुनी लीग 116 वर्षांनी विसर्जित झाली. तिची जागा 'आर्दाल' लीगनी घेतली. कोरोनामुळे त्यांचे सामने 2021 मध्ये सुरू झाले. वेल्श भाषेत आर्दाल म्हणजे प्रदेश. वरच्या लीगनाही 2019 पासून 'कम्री' हे देशाचे वेल्श नाव मिळाले आहे. सीमाभागात राहून हे वाचताना आम्हाला काय वाटले, ते वेगळे सांगायला नको. लीगचे नाव गेले, तरी गावोगावचे संघ खेळतच राहिले.

तो मुलगा कार्डिफला परत गेला. पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघे त्या दात्यांच्या घरी गेलो. त्यांनी आनंदाने वही काढून दिली. "दोन वर्षे वाट पाहत होतो, कोणी मागायलाच आले नाही," असे म्हणाले. आम्हाला काय बोलावे ते सुचेना.

पाचांपैकी तीन शाळांनी होकार दिला आहे. जर्सी नसल्या तरी चालतील, एका संघाने गणवेश घालावा, दुसऱ्याने पीटीचे कपडे. वही यापुढे शाळेच्या कार्यालयात राहील, कोणालाही पाहता येईल. पहिला सामना येत्या रविवारी सकाळी 7 वाजता आपल्या पटांगणावर आहे. फक्की मारायला शनिवारी संध्याकाळी पाच-सहा पालक हवे आहेत. गोलची जाळी दोन ठिकाणी फाटली आहे, ती विणून देणारे कोणी असल्यास कृपया कार्यालयात नाव द्यावे.