जियाई तालीफ

बंगळूर, दिल्ली आणि अलाहाबादच्या तीन विज्ञान अकादमी मिळून कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने संशोधनासाठी प्रयोगशाळेत पाठवीत. २०१५ साली आम्ही पुसदच्या दोघी बी.एस्सी.ला असताना त्यातून पुण्याला गेलो. विद्यावेतन आणि गाडीभाडे मिळणार म्हटल्यावर अब्बा राजी झाले. अम्मीने एवढेच विचारले, हॉस्टेलच्या दाराला रात्री कुलूप लागते ना?

दिवसभर पानांचा अर्क काढायचा, वहीत आकडे लिहायचे. हाताचे काम जमत होते, अडायचे ते बोलण्यात. दहावीपर्यंत आम्ही पेशीला खलिया आणि प्रकाशसंश्लेषणाला जियाई तालीफ म्हणत आलेलो. अकरावीपासून सगळे इंग्रजीत. अर्थ उर्दूतून कळायचा आणि इंग्रजी उत्तर ओठांवर येईस्तोवर सरांचा पुढचा प्रश्न आलेला असायचा. सोबतच्या मुलांना वाटे, ह्यांना विषयच येत नाही. वास्तविक जिया म्हणजे उजेड, तालीफ म्हणजे जोडणे. अर्धा धडा तर त्या शब्दातच आहे!

बी.एड. करून आता आम्ही दोघीही उर्दू शाळेत शिकवितो, एक दिग्रसला, एक उमरखेडला. फळ्यावर प्रत्येक संज्ञा तीनदा लिहितो. उर्दू शब्द उजवीकडून निघतो, मराठी आणि इंग्रजी डावीकडून.