शोध घेणें आणि शोध लावणें

१४९८ सालीं वास्को द गामा यानें हिंदुस्थानचा शोध लावला, हें वाक्य कित्येक वर्षें मी वर्गांत निःशंक मनानें सांगत आलों. एकदां किनाऱ्याकडील गांवचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, तोंवर हिंदुस्थान हरवला होता काय?” वर्ग हंसला, मीहि हंसलों, आणि त्याला खालीं बसविलें. तें बसविणें पुढें फार दिवस मला सलत राहिलें.

दोष माझा खरा. पण शब्दाचाहि थोडा आहेच. हरवलेल्या गुराचा आपण शोध घेतों. तो लागला तर लागतो. कोलंबस १४९२ सालीं आशियाच्या शोधार्थ पश्चिमेकडे निघाला आणि पोंचलेल्या भूमीला आशियाच समजत राहिला. ज्याचा शोध घेतला तें सांपडलें नाहीं, आणि ज्याचा शोध लावल्याचें श्रेय पदरांत पडलें तें त्याला उमगलें नाहीं! गामाची गोष्ट निराळी. आफ्रिकेला वळसा घालून युरोपांतून येथवर जहाजें आणण्याचा पहिला मान निःसंशय त्याचा. परंतु मलिंदीपासून पुढें त्याच्यापाशीं वाटाड्या होता, आणि त्या वाटाड्याला कालिकतचा मार्ग आधींच ठाऊक होता. ती मजल महिन्याच्या आंत संपली.

मग गामाला म्हणावें तरी काय? ‘संशोधक’ म्हटलें कीं पोथ्या आणि ताम्रपट डोळ्यांपुढें येतात. ‘प्रवासी’ तिकीट काढून स्वस्थ बसलेला. ‘नाखवा’ हा मूळचा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. खलाशांच्या जिवाची काळजी त्या शब्दाला चिकटलेली आहे. मला आवडतो तो ‘दर्यावर्दी’. कोठें गेलास, काय मिळविलेंस, असें तो कोणाला विचारीत नाहीं. समुद्र याच्या अंगवळणीं पडला आहे, एवढेंच सांगतो. त्यांत गामाहि मावतो आणि त्याचा वाटाड्याहि.

पण १५०२ सालच्या दुसऱ्या सफरींत याच गामानें मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज बायकामुलांसकट जाळलें. तेथें ‘दर्यावर्दी’ म्हणतांना जीभ अडखळते. ‘चांचा’ हाच शब्द ओठावर येतो. आणि गंमत अशी कीं, इंग्रजांनीं तो शब्द लावला आमच्या सरखेल कान्होजी आंग्र्यांना! आपल्याच किनाऱ्यावर परक्यांनीं परवाना घेऊन यावें, असा त्यांचा आग्रह होता.

यंदा तो धडा आला तेव्हां फळ्यावर मीं ‘शोध लावला’ असें न लिहितां ‘पोंचला’ असें लिहिलें. मागच्या बांकावरून लगेच प्रश्न आला, “कोणीं पोंचविला?” त्या वाटाड्याच्या नांवाविषयीं इतिहासकारांचें आजहि एकमत नाहीं. खडू हातांत धरून मी क्षणभर उभा राहिलों; पण या वेळीं त्या मुलाला खालीं बसविलें नाहीं.