मु. पो. टेक्सास

लेकीला पिस्तूल घ्यायचंय.

असं वाक्य मी मराठीत कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. गावाकडच्या मंडळींनी घाबरून लगेच फोन करू नये, कुणी तिच्या जिवावर उठलेलं नाही. चोवीस वर्षांची आहे, न्यू जर्सीत जन्मली, इथेच वाढली, आणि या उन्हाळ्यात नोकरीसाठी टेक्सासला गेली. ह्यूस्टनच्या बाहेर अपार्टमेंटमध्ये एकटी राहते. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. पार्किंगमधला दिवा ती गेल्यापासून बंद आहे. मधल्या काळात त्याच इमारतीत दोन घरांची दारं फोडून चोऱ्या झाल्या. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघींकडे पिस्तूल आहे. तिनंही एका शनिवारी शूटिंग रेंजवर जाऊन वर्ग केला आणि मग भाजी काय केलीस असं विचारावं त्या सुरात मला फोनवर सांगितलं.

मी काय म्हणाले ते पुढे येईलच. आधी मी नियम वाचायला बसले. खरं सांगते, कुठेतरी 'नाही' लिहिलेलं सापडेल या आशेनं. आई नको म्हणाली की वाद होतो. सरकार नको म्हणालं की विषय संपतो!

तर नियम असा. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर फक्त आपल्याच राज्यातल्या रहिवाशाला विकता येतं. रायफल किंवा शॉटगन परराज्यातल्या माणसाला समोरासमोर विकता येते, पण तेव्हा दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले पाहिजेत. हे सगळं १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमधून आलं, आणि रायफलची सवलत १९८६ मध्ये सैल झाली.

१९६८ च्या आधी काय होतं ते वाचून मी थक्कच झाले. मार्च १९६३ मध्ये डॅलसमध्ये राहणाऱ्या एका माणसानं मासिकातली जाहिरात पाहून शिकागोच्या दुकानाकडून टपालानं रायफल मागवली. दुर्बीण आणि टपालखर्च धरून किंमत २१ डॉलर ४५ सेंट. नाव दिलं ए. हायडेल, आणि पत्ता डॅलसमधला पोस्टबॉक्स. तो माणूस म्हणजे ली हार्वी ऑस्वाल्ड, आणि त्याच रायफलीनं त्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. तरी कायदा व्हायला पाच वर्षं लागली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांची सही झाली.

आता दुकानात 'फॉर्म ४४७३' भरावा लागतो. त्यावर राहण्याचा पत्ता लिहायचा असतो आणि पोस्टबॉक्स चालत नाही असं तिथे स्पष्ट छापलंय. आपण पत्रावर 'मु. पो.' लिहायचो ना? मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. या फॉर्मला फक्त 'मु.' हवा असतो. 'पो.' त्याच्या लेखी पत्ताच नव्हे.

मग मुक्काम कुणाचा कुठला हे ठरवायचं कसं? मला वाटलं, सहा महिने, वर्षभर अशी काहीतरी मुदत असेल. कॉलेजच्या फीसाठी नाही का, राज्याचे रहिवासी ठरायला बहुतेक ठिकाणी वर्ष काढावं लागतं. इथे तसलं काही नाही. केंद्राच्या नियमात दोनच गोष्टी आहेत. माणूस त्या राज्यात हजर असला पाहिजे, आणि तिथे घर करण्याचा त्याचा इरादा असला पाहिजे. बस्स. दिवसांची मोजणी नाही. सामानाचा ट्रक ज्या दिवशी आला त्या दिवसापासून लेक टेक्सासची.

पुढे तर आणखी गंमत. सैन्यातला माणूस जिथे त्याचं कायमचं ठाणं असेल त्या राज्याचा रहिवासी धरला जातो. दोन राज्यांत दोन घरं असतील तर ज्या काळात ज्या घरी राहतो त्या काळात तिथला. आणि परराज्यात शिकायला गेलेलं पोर सत्र चालू असताना हॉस्टेलच्या राज्याचं, सुट्टीत आईबापाकडे आलं की आईबापाच्या राज्याचं. म्हणजे लेक कॉलेजला पेनसिल्व्हेनियात होती ती चार वर्षं 'घरी कधी येतेस?' असं मी विचारायचे, तेव्हा या कायद्याच्या हिशेबी ती घरीच होती.

हे वाचताना आमचे जुने दिवस आठवले. आम्ही १९९९ मध्ये एच-वन व्हिसावर आलो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, कायदा झाला होता की अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना बंदूक घेता येणार नाही. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे शिकारीचा परवाना. (आमच्या घरात शिकार फक्त झुरळांची.) आम्हाला बंदूक नकोच होती, त्यामुळे हे तेव्हा कळलंही नाही. पण आज वाचताना टोचलं. घराचे हप्ते फेडत होतो, टॅक्स भरत होतो, लेक इथल्याच हॉस्पिटलात जन्मली, आणि कायद्याच्या दप्तरी आम्ही पाहुणे. ग्रीनकार्ड मिळाल्यावर घेता येते, पण २०१२ पर्यंत ग्रीनकार्डवाल्यांना त्या राज्यात सलग नव्वद दिवस राहिल्याचा पुरावा द्यावा लागे, भाडेकरार नाहीतर विजेची बिलं वगैरे. नागरिकाचा इरादा पुरे, आमच्यासारख्यांना बिलं! २०१२ मध्ये सरकारनं ठरवलं की 'रहिवासी' या शब्दाचा अर्थ दोघांना एकच असला पाहिजे, आणि ती अट गेली.

इरादा पुरेसा असला तरी दुकानदाराला तो दिसणार कसा? त्यासाठी सरकारनं दिलेलं, फोटो, जन्मतारीख आणि राहण्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. पत्ता जुना असेल तर जोडीला सरकारनंच दिलेला नव्या पत्त्याचा दुसरा कागद चालतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे. लेकीच्या लायसन्सवर न्यू जर्सीतलं आमचं घर होतं, आणि गाडीचे कागद अजून तिच्या बाबाच्या नावावर. म्हणून दुकानदारानं तिला आधी टेक्साससचं लायसन्स काढून आण असं सांगितलं. नवीन माणसानं नव्वद दिवसांत ते काढायचंच असतं.

ते काढताना जुनं लायसन्स काउंटरवर जमा करावं लागतं. ती सहज म्हणाली, "आई, त्यांनी न्यू जर्सीचं घेतलं काढून." मी हो का म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती. सतराव्या वर्षापासून त्या कार्डावर आमच्या घराचा नंबर होता.

नवऱ्यानं वेगळाच विचार केला. तो म्हणाला, घ्यायचंच असेल तर मी चांगलं बघून घेऊन देतो. तेही जमत नाही! वेगळ्या राज्यात राहणाऱ्या माणसाला, पोटच्या पोरीला सुद्धा, परस्पर पिस्तूल देता येत नाही. तिच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवायचं, तिनं तिथे फॉर्म भरायचा, एफबीआयच्या यादीत तिचं नाव तपासलं जाणार, मग हातात. मृत्युपत्रानं किंवा वारसानं मिळालं तर मात्र हा अडथळा नाही. "म्हणजे मी मेल्यावर चालेल," नवरा म्हणाला. त्यावर कुणी हसलं नाही.

आणि दिवाळीला घरी येताना ते बरोबर आणलं तर? न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायला पोलिसांकडून आधी परवाना लागतो, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांची नावं, सगळं. टेक्सासमध्ये विकत घ्यायला राज्याचा परवाना लागत नाही, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून बहुतेक सज्ञान माणसांना परवान्याशिवाय बाळगताही येतं. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातली एक तरुण आई न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसानं थांबवल्यावर तिनं आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, हा माझ्या राज्याचा परवाना. तिला अटक झाली. साडेतीन वर्षांची शिक्षा डोक्यावर लटकत होती. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली तेव्हा सुटली. राज्याची सीमा म्हणजे रस्त्यावरची एक पाटी. पाटीच्या अलीकडे कायद्यानं वागणारी बाई, पलीकडे गुन्हेगार. मी लेकीला एवढंच बजावलं की काहीही झालं तरी ते घेऊन या घरी यायचं नाही. मग माझं मलाच जाणवलं, 'या घरी' म्हणाले. 'घरी' नाही म्हणाले.

बंदूक मला अगदीच परकी आहे असंही नाही. कुडाळकडे आमच्या आबांची ठासणीची बंदूक होती, शेतीच्या संरक्षणासाठी. माकडं आणि रानडुकरं. परवान्याचं पुस्तक, त्यावर शिक्के, आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. ती बंदूक जमिनीची होती. आबा थकले, शेत दुसऱ्याला कसायला दिलं, तेव्हा ते बंदूक कायमची जमा करून आले आणि त्यानंतर मुंबईला आमच्याकडे राहायला आले. शेत नाही तर बंदूक कशाला, इतका साधा हिशेब. आमच्या लेकीची गोष्ट बरोबर उलटी. तिला तिथे पाय रोवायचेत, आणि एकटीनं रोवताना हातात काहीतरी हवंय.

मी तिला नको म्हणाले, आणि कारणही सांगितलं. अमेरिकेत बंदुकीनं जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर दोनदा येतो. वाईट रात्री त्याहून जास्त येतात, आणि परक्या गावात एकट्या माणसाला तर फारच. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, तू ह्याला घाबरतेस होय? मला वाटलं तुला मी कुणाला मारेन अशी भीती आहे." मग आम्ही तासभर बोललो, पिस्तुलावर फार कमी. तिला तिथे मैत्रिणी आहेत का, जेवण एकटीच करते का, रविवारी काय करते. जून महिन्यापासून मी हे काहीच नीट विचारलं नव्हतं, पत्ता तेवढा लिहून घेतला होता.

तासाभरानंतर ठरलं ते इतकंच. घेतलंच तर कुलपाची पेटी आधी, पिस्तूल नंतर. आणि मन ठीक नसेल त्या दिवशी ते मैत्रिणीकडे ठेवायचं आणि मला फोन करायचा, कितीही वाजलेले असोत. ती हो म्हणाली. माझ्या लेकीचा शब्द कोणत्याही फॉर्मपेक्षा पक्का आहे, हे मला माहीत आहे.

मला कायद्यात 'नाही' सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की तिचं घर कुठे आहे हे तिनं सांगायचं, मी नाही. खालची सहीसुद्धा तिचीच.

टेक्साससचं कार्ड गेल्या आठवड्यात टपालानं आलं. फोटो छान आलाय, केस मोकळे. पिस्तूल अजून घेतलेलं नाही. मी रोज विचारत नाही. रोज विचारते ते पार्किंगमधला दिवा लागला का. अपार्टमेंटच्या ऑफिसात तिनं तीनदा तक्रार केली आहे. चौथी तक्रार मी इथून ईमेलनं केली, सही करताना लिहिलं, 'तुमच्या रहिवाशाची आई'.